गळ्यातलं वजन

सकाळी सात वाजता दशरथ स्वयंपाकघरात उभा राहून चहा गाळत होता आणि त्याच्या दोन्ही कुशींना अडीच-अडीच किलो तांदळाच्या पिशव्या लोंबत होत्या. दोन्ही खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुली मारणारा तपकिरी चामड्याचा पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकांना पिशव्या. त्याची बायको प्रभा अंगणवाडीत जायच्या घाईत होती. तिने दारातून हे ध्यान पाहिलं, आता फक्त नांगराला जुंपायचं राहिलंय म्हणाली आणि डबा भरायला लागली.

दशरथला हसू आलं नाही. तलासरीच्या नाक्याजवळ त्याचा छोटासा फोटो स्टुडिओ होता आणि तीस वर्षं तो आसपासच्या पाड्यांवर लग्नांचे फोटो काढत आला होता. दोन कॅमेरे, दोन जड लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, सगळं मिळून पाच किलोंच्या घरात, आणि हा सगळा पसारा कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळालेल्या दोन बोटं रुंद पट्ट्यांवर. सकाळच्या हळदीला गळ्यात अडकवला की वरात निघेपर्यंत खाली उतरायचा नाही. मानेने बिचारीने तीस वर्षं ब्र काढला नाही, आणि मग एका वर्षात हात टेकले.

दिवाळीपासून दुपार झाली की उजव्या हाताची तीन बोटं बधिर व्हायला लागली. आधी मुंग्या, मग काहीच नाही. बटण दाबलं गेलं की नाही ते बोटाला कळेना. नुसत्या आवाजावर काम चालवावं, तर मांडवात बँजो वाजत असला की आवाजही ऐकू येईना. एका लग्नात नवरी बापाच्या गळ्यात पडून रडतानाचा फोटो आलाच नाही. घरी कॉम्प्युटरवर त्या जागी काहीच नव्हतं, आधी मंडप आणि नंतर जीप. दशरथ अर्धा तास तिथेच बसून राहिला होता.

डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेत शीर दबते आहे, गळ्यात ओझं अडकवणं बंद करा, नाही तर एक दिवस बोटं बधिर होतील आणि तशीच राहतील. वापीला नोकरी करणाऱ्या मुलीने, श्रुतिकाने, फोनवर निकालच लावून टाकला. बाबांनी लग्नं सोडावीत आणि दुकानात बसून पासपोर्ट फोटो काढावेत. ती काही वाईट बोलत नव्हती. पण दशरथने त्या पासपोर्ट फोटोंचा धसका घेतला. माणसाला स्टुलावर बसवा, हनुवटी वर करा, मागे पांढरा पडदा, झालं, उठा. लग्नात तो दशरथदादा असे, त्याने मान हलवल्याशिवाय नवरा-नवरी जागची हलत नसत. पडद्यापुढे तो नुसता फोटोवाला होता.

तेव्हा त्याने ठरवलं की पट्टा बदलून बघायचा. महिन्याभराने झरीला जुन्या ओळखीच्या बाळ्याच्या मुलीचं, प्रगतीचं लग्न होतं. बाळ्याचं स्वतःचं लग्नही दशरथनेच टिपलेलं. तो एक दिवस पार पडला आणि संध्याकाळी बोटं जाग्यावर असली, तर लग्नं चालू. नसली, तर पांढरा पडदा. हे त्याने प्रभाला बोलून दाखवलं आणि स्वतःची माघारीची वाट बंद करून टाकली.

मग सुरू झाली पट्ट्यांची परीक्षा. पहिला आला गादीवाला रुंद पट्टा. मऊ होता, लोण्यासारखा, पण वजन पडायचं मानेवरच. गळ्याला गादी बांधली म्हणून वजन थोडंच कमी होतं. दुसरा एका खांद्यावरून तिरपा घ्यायचा, कॅमेरा कमरेशी लोंबणार. घोलवडला एका बारशात तो घालून गेला, वळला आणि कॅमेरा एका पोराच्या कपाळावर बसला. पोर भोकाड पसरून रडलं, दशरथ ओशाळा झाला, आणि बारशाचे निम्मे फोटो त्या पोराची समजूत काढण्यात गेले. तिसरा छातीवर बांधायचा, जाड नायलॉनचा, प्लास्टिकच्या कड्यांचा. मार्चच्या उन्हात तासाभरात अंगावर घामोळं उठलं.

चौथा पट्टा डहाणूच्या नविनभाईने दिला. नविनभाईचा मोठा स्टुडिओ, पण माणूस दिलदार. दशरथची मान बघूनच त्याने स्वतःचा चामड्याचा दुहेरी पट्टा कपाटातून काढला. आठ दिवस घालून फीर, फावला तर ठेव, नाय तर परत आण, म्हणाला. दशरथने तो पट्टा कपडे घालावेत तसा वापरला. पिशव्या लटकवून चहा केला, स्कूटरवरून उधव्याला जाऊन आला, दुकानात उभा राहिला, वाकला, उकिडवा बसला. वजन दोन्ही खांद्यांवर सारखं बसत होतं आणि मान मोकळी राहत होती. आठव्या दिवशी संध्याकाळी त्याने डोळे मिटून, चिमटीत एकेक तांदूळ उचलून पाहिला. प्रत्येक दाणा बोटाला लागला. त्याने जुने पट्टे कॅमेऱ्यांवरून काढून प्रभाला देऊन टाकले, आणि तिने लगेच त्या पट्ट्यांनी परसातलं फाटक बांधलं.

लग्नाच्या दिवशी झरीला पोहोचला तेव्हा नऊ वाजले होते. बाळ्या पुढे आला, पाणी दिलं. नवरी कुठे, मामा कुठे, सगळं दशरथने विचारून घेतलं. लग्न लावणार होती बुधीबाई. ती धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी म्हातारी. तिने गाणं धरलं की लग्न पुढे सरकायचं, ती थांबली की थांबायचं. बुधीबाईच्या मांडवाची एक शिस्त सगळ्या पाड्याला पाठ होती, चामडं आत आणायचं नाही. दशरथलाही पाठ होती. त्याने स्कूटरपाशी चपला काढल्या, कमरेचा पट्टाही काढून डिकीत टाकला, आणि अनवाणी मांडवात शिरला.

बुधीबाईचं गाणं मध्येच थांबलं. दशरथला वाटलं ठसका लागला असेल. म्हातारी त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या मागे बसलेल्या बायकाही.

"पायातलं भायेर ठेवलंस," ती म्हणाली, "आन अंगावरचं घेऊन आत आलास?"

दशरथने खाली पाहिलं. छातीवर, खांद्यांवर, दोन-दोन बोटं रुंद चामडं. महिनाभर तो वजनाचा विचार करत होता. पट्टा कशाचा आहे हे त्याच्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं. मघाशी कमरेचा पट्टा काढतानासुद्धा नाही. तीस वर्षं या मांडवांत वावरलेला माणूस, आणि पोरासारखी चूक. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाळ्या मध्ये पडला. आपलाच माणूस आहे आजी, मान दुखते त्याची, असं काहीबाही सांगायला लागला. बुधीबाई भांडली नाही. ती नुसती गप्प बसली, आणि तिचं गप्प बसणं सगळ्यांना कळत होतं. दशरथने बाळ्याला थांबवलं, बाहेर आला, पट्टा सोडून डिकीत ठेवला आणि दोन्ही कॅमेरे हातात घेऊन परत गेला. म्हातारीने गाणं जिथे सोडलं होतं तिथून उचललं.

आता कॅमेरे गळ्यात नव्हते, खांद्यावर नव्हते, हातात होते. एकाने फोटो काढावा तर दुसरा काखेत. ठेवावा तर कुठे, चहूकडे पोरं, हळदीची ताटं, पाण्याचे हंडे. अर्ध्या तासात मधल्या बोटाला मुंग्या आल्या. मग तर्जनीला. हळद अजून लागायची होती. त्याने हात झटकला, बोटं चोळली, पुन्हा झटकला. पांढरा पडदा त्याला समोर दिसायला लागला. एवढी परीक्षा घेऊन निवडलेला पट्टा, आणि तो स्कूटरच्या डिकीत पडून होता.

तेवढ्यात धाकल्या आला. हा बाळ्याचा चुलता, सगळ्या पाड्यांत ताडी काढणारा म्हणून माहीत. पासष्टीला आलेला, काटक, लग्नाची ताडी घेऊन आला होता. कमरेला दोरी, दोरीला लाकडाची आकडी, आकडीला मडकं. मडकी उतरवून ठेवता ठेवता तो दशरथकडे बघत होता. मग जवळ आला आणि काही न विचारता त्याने दशरथच्या हातातला एक कॅमेरा घेतला, तोलून पाहिला.

"मडक्याएवढा हाय," तो म्हणाला.

दशरथने त्याला सगळं सांगितलं. मान, बोटं, पट्टा, बुधीबाई. धाकल्याने ऐकून घेतलं, स्वतःच्या कमरेची दोरी सोडली आणि दशरथच्या कमरेला बांधायला लागला. दशरथ नको नको म्हणत राहिला. दोरी पोटावर नाही, खाली, दोन्ही बाजूंच्या हाडांवर आली. धाकल्याने गुडघा टेकवून ती आवळली. पट्ट्याची लोखंडी कडी कॅमेऱ्याच्या बुडाला तशीच होती, तिच्यात आकडी बसली. दुसऱ्या कॅमेऱ्याला त्याने दोरीच्या शेपटाचा फास घातला.

"वजन हाडावर बसाय पायजे, मासावर नाय," तो म्हणाला. मग त्याने दोन्ही कॅमेरे धरून कमरेच्या मागच्या बाजूला सरकवले. "आन मडकं मागं ठेवायचं. पुढं झाड असतंय."

दशरथ दोन पावलं चालला. कॅमेरे ढुंगणाच्या वर पाठीला टेकून बसले होते. वळला, कोणाला लागले नाहीत. उकिडवा बसला, जमिनीला टेकले नाहीत. हात मागे नेला की आकडी आपोआप हाताला येत होती. मान तर मोकळीच होती. बुधीबाईने गाता गाता त्याच्या कमरेकडे एक नजर टाकली. साधी काथ्याची दोरी, तिचं काही म्हणणं नव्हतं. पोरींना मात्र हसू आवरेना, दशरथकाका आता ताडाच्या झाडावर चढणार म्हणून. चढतो की, दशरथ म्हणाला, आणि त्यांनी त्याच्या दोन्ही गालांना मूठभर हळद फासली.

मग त्याला दिवस कसा गेला ते कळलं नाही. हळद झाली, मामाने प्रगतीला उचलून आणलं, बुधीबाईच्या गाण्यांनी लग्न लागलं. निघताना प्रगती बापाच्या गळ्यात पडली, आणि बाळ्या, जो सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होता, तो पोरीपेक्षा मोठ्याने रडला. दशरथने तीन फोटो घेतले. तिन्ही लगेच उघडून बघितले. तिन्ही होते.

ऊन कलल्यावर तो पंगतीला बसला. भात वाढला, वर डाळ पडली, आणि त्याने हात घातला तो चटकन मागे घेतला. भात गरम होता. तीन बोटं पोळली होती, तिन्ही. त्याने पुन्हा हात घातला, पुन्हा पोळून घेतला. शेजारचा म्हणाला, अरे फुंकर तरी घाल. दशरथला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते पाणी त्याने डाळीच्या तिखटावर ढकललं.

जेवून तो धाकल्याला शोधायला गेला. म्हातारा खळ्याच्या कडेला एकटाच बसला होता, रिकामी मडकी शेजारी. दशरथने दोरी सोडून त्याच्यापुढे धरली, आकडीला गुंडाळून, नीट. बोटं शाबूत आहेत म्हणाला, लग्नं चालू ठेवणार म्हणाला, आणि तुझ्यामुळे हेही म्हणाला. धाकल्याने मान हलवली, पण दोरी घेतली नाही.

"ठेव. मी झाड सोडलं."

दशरथला आधी समजलंच नाही. मग हळूहळू कळलं. गुडघे गेले होते. पावसाळ्यानंतर तो एकदाही चढला नव्हता. आजची ताडी दुसऱ्याच्या झाडाची, तो फक्त पोचवायला आला होता. आणि दोरी सकाळी उठल्यावर बांधायची, म्हणून बांधली होती. हे सगळं त्याने मडक्याच्या कडेवरची माती नखाने खरवडत सांगितलं.

दशरथने कॅमेरा हातात घेतला. तीस वर्षं या पाड्यावरच्या प्रत्येकाचे फोटो त्याने काढले होते, नवऱ्याचे, नवरीचे, मामाचे, वाजंत्र्यांचे. धाकल्या मात्र कायम मडकी ठेवून निघून गेलेला असे. उभा रहा, फोटो काढतो, दशरथ म्हणाला. हवं तर दोरी बांधून काढू, नंतर मला दे.

"नाय," धाकल्या म्हणाला. "असाच काढ."

तो उठला. गुडघ्यांवर हात देऊन, सावकाश, पण उठल्यावर सरळ उभा राहिला. त्याचे दोन्ही हात सवयीने कमरेकडे गेले. तिथे दोरी नव्हती. हात थोडा वेळ तसेच राहिले, मग त्याने ते छातीवर बांधले, हनुवटी वर केली आणि समोर बघितलं. मागे ताडाची झाडं होती. दशरथने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. ते बोटाला नीट लागलं.