साळूबाईंची चाल

दयानंद ‘रेड माईल’ पहिल्यांदा खेळला तो १९९८ साली, औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर. सहा जणांत मिळून एक कॉम्प्युटर होता. गाडी घेऊन शहरभर उधळायचं, दुसऱ्यांच्या गाड्या ठोकून फोडायच्या, आणि वाटेत आलेली माणसं उडवली की गुण मिळायचे. तरण्याताठ्या माणसाला दहा, म्हाताऱ्याला पन्नास. दोन देशांनी त्या गेमवर बंदी घातली होती, त्यामुळे तो जास्तच हवाहवासा वाटायचा. रेक्टरांनी एकदा सीडी मोडून खिडकीबाहेर फेकली. त्याच संध्याकाळी दुसरी आली.

दहा वर्षांनी तोच गेम त्याच्या टेबलावर आला. बावधनच्या ज्या स्टुडिओत तो नोकरीला होता, तिथे लंडनच्या एका कंपनीने काम दिलं. तिने त्या जुन्या गेमचे हक्क विकत घेतले होते. तेव्हाची खेळणारी मुलं आता कमावती झाली होती, आठवण म्हणून तरी घेतील, असा हिशेब होता. पहिल्या दिवशी दयानंदने हॉस्टेलच्या मित्राला फोन करून ही बातमी सांगितली होती. त्यानंतर आठ महिने गेले. तारीख दोनदा पुढे ढकलली गेली, चौदा जणांची टीम नऊवर आली.

दयानंदकडे धडकेचं काम होतं. गाडीचा वेग किती, धक्का कुठे बसला, त्यावरून माणूस कसा उडेल, कसा पडेल, हे सगळं त्याने लिहायचं. दिवसभर तो एका करड्या बाहुलीवर गाडी घालत बसायचा. कोपर उलटं वळलं तर दुरुस्त करायचा आणि पुन्हा गाडी घालायचा. सुरुवातीला त्यात मजा होती. आता बाहुली पडली की तिचे गुडघे तेवढे त्याला दिसत.

राहायला तो दोन वर्षांपासून भुकूमला होता, वाल्मीककाकांच्या घरी वरच्या दोन खोल्यांत. त्याची बायको उदगीरला शाळेत शिक्षिका, बदली होत नव्हती. काकांनी रस्त्याकडेची जमीन विकून भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. त्यांच्या बायकोने, साळूबाईंनी, मात्र दोन म्हशी ठेवल्या होत्या. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन त्या पौड रस्ता ओलांडून समोरच्या सोसायटीत जात. पाच वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर त्यांना एका डंपरने ठोकरलं होतं. तेव्हापासून उजवा पाय बाहेर फेकला जाई, हात मांडीवर टेकलेला असे, आणि दहा-बारा पावलांवर त्या थांबत, काहीतरी विसरलं असावं तशा.

फेब्रुवारीत लंडनहून मेल आला की गेममधली माणसं सगळी एकसारखी चालतात, त्यांच्यात जीव नाही. प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या हेमलताने सगळ्यांना सांगितलं की आपापल्या घराजवळची माणसं चालताना शूट करून आणा. दयानंदने एका रविवारी सकाळी ऑफिसचा हँडीकॅम गॅलरीच्या कठड्यावर ठेवला आणि शेजारी चहा पीत बसला. चाळीस मिनिटांत शाळेच्या मुली आल्या, वॉचमन आला, आणि किटली घेऊन साळूबाई गेल्या. टेप त्याने तशीच नेऊन दिली. वाईट हेतू नव्हता. विचार करायचं त्राण नव्हतं, एवढंच.

तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती तपासताना त्याच्या गाडीसमोर एक म्हातारी आली. अंगात तपकिरी कोट, डोक्याला रुमाल, गोरा चेहरा. पण उजवा पाय बाहेर पडत होता. हात मांडीवर होता. बारा पावलं चालून ती रस्त्याच्या मधोमध थांबली. दयानंदची गाडी नव्वदच्या वेगात होती. त्याचं बोट हलायच्या आत धडक बसली, आणि त्याने लिहिलेलं सगळं अगदी बिनचूक घडलं. वरच्या कोपऱ्यात पन्नास गुण उमटले.

तो हेडफोन काढून तोंड धुवायला गेला. परत आला तर शेजारी पियूष उभा होता. चालती माणसं बनवण्याचं काम पियूषचं. म्हातारी लंडनला फार आवडली, जाहिरातीतसुद्धा तिलाच घेणार आहेत, असं तो सांगत होता. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिकडून कुणी काही चांगलं म्हणालं होतं.

पुढचा आठवडाभर सकाळी साळूबाई दिसल्या की तो मान खाली घालून गाडीला किक मारायचा. गुरुवारी ऑफिसची वीज गेली आणि सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं. साळूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. बोलून सांगायला त्याला जमेना, म्हणून त्याने लॅपटॉप उघडून गेममधली ती म्हातारी त्यांच्यापुढे चालवली.

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ही चाल माझी हाय.”

त्याने हो म्हटलं, आणि सगळं सांगितलं. गॅलरीतून शूट केलं, विचारलं नाही, तशीच टेप दिली. त्यांनी विचारलं की पुढं काय होतं हिचं. गाडी उडवते, असं तो म्हणाला. त्या म्हणाल्या, दाखव. तो नको म्हणत होता, पण त्यांनी ऐकलं नाही. त्याने दाखवलं. तांदळातला त्यांचा हात जागच्या जागी राहिला.

“गाडी थांबत न्हाई व्हय?”

“थांबवता येते, मावशी. पण थांबलं तर गुण मिळत नाहीत.”

“माझ्या टायमाला बी न्हाई थांबली.” मग सुपाकडे बघतच त्या म्हणाल्या, “थांबली न्हाई, पर हळू झाली हुती. त्यानं आरशातनं बघितलं मला. पडलेली हुते तर माझ्याकडं नीट बघितलं, अन् मग गेला. पायाचं मला येवढं वाटत न्हाई. त्यानं बघितलं त्येचं वाटतंय.”

हे त्यांनी दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. वाल्मीककाकांनाही माहीत होतं की नाही कोण जाणे. दयानंदने लॅपटॉप मिटला.

“ह्ये किती लोक बघत्याल?”

“खूप. लाखभर तरी.”

“मला काढ त्यातनं,” साळूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा निवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी तो हेमलताकडे गेला. तिचे वडील नाशिकला आजारी होते. दर शनिवारी ती बसने जायची आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत यायची. तिने सगळं ऐकून घेतलं. मंजूर झालेली गोष्ट बदलायची म्हणजे मेल करावा लागणार, मेल केला की प्रश्न येणार, त्यात पहिला प्रश्न हा की शूट केलेल्या माणसांची लेखी परवानगी घेतली होती का. कुणाचीच घेतली नव्हती. हे बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं.

“तू मला हे सांगायला नको होतंस,” ती म्हणाली. “आता मला माहीत आहे.”

“मला पण आता माहीत आहे.”

तिने कपाळ दाबलं. शेवटी म्हणाली, शनिवार-रविवार घ्या, दुसरी म्हातारी बनवा, सोमवारी मी पाठवते. बाकी टेपमधल्या माणसांचं काय, हे दोघांनीही विचारलं नाही.

पियूष चिडला. तीन आठवडे त्याने त्या एका चालीवर घातले होते, आणि त्याच्या मते त्याने आजवर केलेलं तेच सगळ्यात चांगलं काम होतं. तरी शनिवारी तो आला. नवी चाल कुणाची घ्यायची, यावर त्याने वॉचमनच्या वडिलांचं नाव सुचवलं. दयानंद म्हणाला, कुणाची नको, माझीच घे. मग म्हाताऱ्यासारखं वाकायला सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत विटा भरून, ती खांद्यावर घेऊन तो पार्किंगमध्ये इकडून तिकडे चालत राहिला. पहिल्या दहा वेळा पियूषने मान हलवली, नाटकी वाटतंय म्हणाला. ऊन वाढलं. दयानंदने पिशवी खाली ठेवली आणि पाण्याच्या नळाकडे निघाला. मागून पियूष ओरडला, तसाच चाल, थांबू नकोस, हीच पाहिजे.

सोमवारी लंडनहून उत्तर आलं: आधीची जास्त चांगली होती, पण चालेल.

साळूबाई म्हशीला पेंड घालत होत्या तेव्हा त्याने सांगितलं की तुम्हाला काढलं.

“मग आता कोण हाय तितं?”

“मी.”

“तुला उडवत्यात?”

“हो.”

“कुणीच नसतं तर चाललं नसतं व्हय?”

“मग तो गेम राहत नाही, मावशी.”

“न्हाई राहिला तर न्हाई,” म्हणून त्या घमेलं घेऊन आत गेल्या. रागावल्या असंही वाटलं नाही.

पुढे नोव्हेंबरात, तिकडे गेम तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने माणसं उडवण्यावरून गेमला नकार दिला. कंपनी घाबरली. रस्त्यावरची सगळी माणसं काढून त्या जागी पत्र्याचे पुतळे घाला, रक्ताऐवजी हिरवं तेल दाखवा, असा हुकूम आला. पंधरा दिवसांत टीमने तेही केलं. वरचं कातडं तेवढं बदललं. चाली आतमध्ये त्याच राहिल्या. २०१०च्या मार्चमध्ये गेम बाजारात आला. जुन्या चाहत्यांनी शिव्या दिल्या, की रक्त नाही तर हा कसला ‘रेड माईल’. ज्यांनी एकेकाळी बंदी मागितली होती, त्यांना तो आल्याचं कळलंही नसावं. दुसरा भाग निघाला नाही. हेमलता नाशिकला कायमची गेली, पियूषने हैदराबादला नोकरी धरली.

दयानंदला विम्याच्या कंपनीत काम मिळालं. साळूबाईंनी विचारलं की त्या कामात माणसं असत्यात का. तो म्हणाला, नुसती नावं असतात, आणि वयं. त्या बरं म्हणाल्या.

नवी नोकरी सुरू होईपर्यंत मधले आठ दिवस मोकळे होते म्हणून तो उदगीरला गेला. त्याची बायको सांगते, पहिले दोन दिवस तो जेवायला तेवढा उठला, बाकी नुसता झोपून होता.