बाटलीतली ताई

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरच्या संशोधकाला 'गबाळ्या' हे नाव बाईंनीच ठेवलं होतं, तेही चारचौघांत. चाळिशीचा घोडा झाला, पण पेशी वाढवायची अक्कल शून्य. कुण्या पुरुषाच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी सांभाळायचा आणि त्यांना वेळेवर खाद्य घालायचाही विसरायचा. मग बाईच नाक मुरडत उठायच्या, आपल्या बाटलीतलं खाद्य त्याच्या पेशींना घालायच्या आणि वर सुनवायच्या, "डीएनएचे दोन धागे सुटे होतात, एकेकाला नवा जोडीदार विणला जातो, मग पेशी दुभंगते. तिला कळतं कधी काय करायचं. तुला डोंबल कळतंय!" उरलेलं खाद्य ताईला.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. ती गेली तेव्हा तिच्या गाठीचा नखाएवढा तुकडा बाईंनी मागून घेतला होता. एकाचे दोन, दोनाचे चार होत त्या पेशी वर्षानुवर्षं जगल्या. आता ताईच्या मुलीलाही तीच गाठ निघाली होती, आणि बाईंना तिच्यासाठी औषध हवं होतं.

ते सापडलं. पेशी पटापट मेल्या, बाईंना आभाळ ठेंगणं झालं. निष्कर्ष छापण्याआधी गुणसूत्रं तपासायचा नियम होता. असले नियम मठ्ठांसाठी, म्हणत बाईंनी काचपट्टी गबाळ्यापुढे सरकवली. एवढं तरी जमतंय का बघ म्हणाल्या.

बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून तो चाचरत म्हणाला, की या पेशी पुरुषाच्या आहेत. बाईंनी त्याची अक्कल काढली, त्याला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः पाहिलं. दुभंगायच्या बेतात असलेल्या पेशीत गुणसूत्रं पसरली होती आणि त्यांत फक्त पुरुषांतच सापडणारा बुटका वाय. शेजारच्या पेशीतही तोच.

दोन वाणांच्या पेशींना एका बाटलीतलं खाद्य घालायचं नाही, हा या कामातला पहिला धडा. त्यांनी तोरा मिरवत तोच मोडला होता. त्याच्या पेशींचा एखादा थेंब खाद्याच्या बाटलीत आला, तिथून ताईच्या पेशींत गेला. त्या वाढायला चपळ, बघता बघता त्यांनी सगळी जागा बळकावली. ताईच्या पेशी जपायला गोठवलेल्या कुप्या उघडल्या, त्यांतही तेच. औषध लागू पडलं होतं ते गबाळ्याच्या पेशींना.

"माझंच चुकलं, मॅडम," तो म्हणाला. त्याला सवयच लागली होती.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती नेहमीसारखं हसत म्हणाली, "मावशी, आई कशी आहे?"

"गेली गं," बाई म्हणाल्या. "मीच घालवली."