दगडातलं पान

आमच्या बाबांना, भगवानरावांना, समजावणं कुणाच्या बापाला जमलं नाही. ते ऐकायचे फक्त देवानंददादाचं. म्हणून मी त्याला मंचेरियलला फोन केला. तिकडे तो कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. म्हटलं, "दादा, बाबा वावरात दोनदा चक्कर येऊन पडले. पावसाआधीची धूळपेरणी सकाळीच करा, दुपारी जाऊ नका, एवढंच सांग त्यायले."

दादा घरी, गुडीहत्नूरला, आला तो खाणीतला एक काळा दगड घेऊन. त्यावर पानाचा ठसा होता, शिरांसकट. बाबा हरखले. मग काय, दादाला चेवच आला.

"बाबा, कोळशाच्या जागी पहिले जंगल होतं. त्याच्याही पहिले बर्फ. दुनियेचं ऊन कमी-जास्त होतच राह्यते."

"पाह्य सुवर्णा," बाबा म्हणाले, "ऊन काई आजचं हाय का? उगीच भेव दाखवून राह्यली मले."

माझं डोकंच फिरलं. "दादा, त्याले किती वर्षं लागली तेही सांग ना."

"लागली असतीन लाखो."

"आन् आता बाबाच्या एका जन्मात एवढं काऊन तापलं?"

त्याला ठाऊक होतं. तो वाहतो तो कोळसा जळतो आणि त्याच्या धुरानं हवा तापते, हे त्यानंच मला सांगितलं होतं. पण बाबा गावभर त्याच्या नोकरीचं कौतुक सांगत फिरायचे. त्यांच्यासमोर त्यानं विषयच बदलला. "जेवाले वाढ वं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाबा कपाशीच्या सरकीची पिशवी घेऊन पेरणीला निघाले. आईनं अडवलं. "देवानंदानं सांगलं ना, ऊन होतच राह्यते," म्हणत हसत गेले. दादा बाजेवर झोपला होता.

चहा घेऊन मी वावरात पोचले, तेव्हा ते धुऱ्याच्या बांधावर आडवे होते. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. दवाखान्याच्या वाटेतच गेले.

आईनं तो दगड दादापुढे ठेवला. "लाखो वर्षांचं सांगत बसला. दुपारी जाऊ नका, एवढं काऊन नाई सांगलं?"

दादा ओक्साबोक्शी रडला. तेरवी झाली आणि ड्यूटीवर परत गेला. दुसरं करणार काय? मला अजून त्याचं तोंड बघवत नाही.

उरलेली सरकी मी आणि आईनं वावरात टोबली. सकाळीच गेलो होतो. न्याहारीच्या आधीच माती पायांना चटके देत होती.