होडी सोडायची नाही

टोपलीतली मासळी अर्धी चिरून झाली होती, ती तशीच ठेवून आई उठली. हात वाळूने घासले, बादलीत बुचकळले आणि ओल्या हातांनीच किनाऱ्याकडे चालू लागली. शेजारीण सांगून गेली ते खोटं ठरावं असं तिला फार वाटत होतं. पण ती बाई चहाडखोर असली तरी खोटारडी नव्हती.

"तुझी लेक कसली नावं लिहितेय? पाण्यात असते ती, गळ्याएवढ्या," शेजारीण म्हणाली होती.

किनाऱ्यावर सर्फिंगची शाळा निघून तीन वर्षं झाली होती. आधी सगळी वस्ती हसली. जिथे जाळी शिवायची आणि मासळी सुकवायची, तिथे चांगली शिकलेली माणसं फळ्या घेऊन येतात, लाटेवर उभी राहतात, तोंडावर आपटतात आणि पुन्हा तेच करतात. सुखाचा जीव दुःखात घालायची हौस, दुसरं काय! मग हसणाऱ्यांनीच आपापल्या खोल्या रंगवून पाहुण्यांना दिल्या आणि मासळीच्या मांडवांवर फळ्या वाळू लागल्या. आईनेही लेकीला शाळेत कामाला जाऊ दिलं, पण एका अटीवर. टेबलाशी बसून नावं लिहायची, पाण्यात उतरायचं नाही.

या वस्तीत पोहायला कुणी शिकतच नसे. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही. पण पोहता येणारा माणूस घाबरला की होडी सोडतो, आणि होडी सोडली की संपला. न येणारा तिला चिकटून राहतो, मग कुणीतरी येऊन त्याला काढतं. पणजोबांपासून हेच चालत आलं होतं आणि पुष्कळदा खरंही ठरलं होतं.

आठ वर्षांपूर्वी लेकीच्या बापाची होडी किनाऱ्यासमोरच उलटली. चेहरा ओळखू यावा इतक्या जवळ. सगळी वस्ती वाळूवर उभी होती. त्याने होडी घट्ट धरली होती, आणि पाण्याच्या ओढीत सापडलेली होडी त्याला घेऊन खडकांवर गेली.

आई पाण्याच्या कडेला पोचली तेव्हा लेक खरोखरच गळ्याएवढ्या पाण्यात होती. तिच्यापुढे एक प्रौढ बाई फळीला मिठी मारून बसली होती, आणि मागून लाट येत होती.

"सोडा! फळी सोडा, माझ्याकडे या!"

बाईने फळी सोडली. लाट फुटली, फळी उसळून पलीकडे पडली. बाई खोकत वर आली ती लेकीच्या हातातच.

लेकीने आईला पाहिलं. बाईला उथळ पाण्यात उभं करून ती बाहेर आली.

"घरी चल," आई म्हणाली.

"माझी चार माणसं पाण्यात आहेत, आई."

"मला फसवलंस."

"हो."

ती मान खाली घालेल, काहीतरी सबब सांगेल असं आईला वाटलं होतं. वाटेत जुळवलेलं बोलणं सोडून तिने भलतंच विचारलं.

"त्या बाईला काय ओरडत होतीस?"

"फळी सोडा म्हणून. पहिला धडाच तो. घाबरलेलं माणूस धरून बसतं."

आई वाळूवर बसली. आठ वर्षं जे कुणाजवळ काढलं नव्हतं, ते बाहेर पडलं तेव्हा तिचा आवाज अगदी रोजचा होता.

"मी ओरडले होते त्यांना. होडी सोडू नका म्हणून. त्यांनी वळून बघितलं गं माझ्याकडे. ऐकलं त्यांनी माझं."

"माहीत आहे मला."

"तुला कुठलं माहीत? नऊ वर्षांची होतीस."

"तुझ्याच शेजारी उभी होते." लेक पायाने उगाच वाळू उकरत राहिली. "मीही तेच ओरडत होते."

एवढी वर्षं ते ओझं आपल्या एकटीचं आहे असं ती समजत होती. त्या दिवशी पोरीलाही गळा होता, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिने हात पुढे करून लेकीच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. हाताला मासळीचा वास होता. लेकीने तोंड फिरवलं नाही.

पाण्यातली माणसं इकडेच बघत उभी होती.

"जा," आई म्हणाली. "आणि जरा मोठ्याने ओरडत जा. लाटांच्या आवाजात ऐकू जात नाही."