साक्षीला लागणारा अंधार

आमच्या मिशनच्या शाळेत पाप केल्याशिवाय टाळ्या मिळत नाहीत. मी टोमणा मारत नाही, तशी पद्धतच आहे. वर्षअखेरीला दहावीतली तीन-चार मुलं सभागृहात पालकांपुढे उभी राहून साक्ष देतात. आधी मी किती वाईट होतो, मग देवाने मला कसं धरलं आणि आता मी किती चांगला झालोय. आमच्या पाळकसाहेबांनी साक्षीचे भागच पाडून दिलेत: अंधार, वळण, उजेड. अंधार जितका गडद, तितक्या टाळ्या जास्त.

आता पंधरा वर्षांच्या पोरांकडे अंधार असून असून किती असणार? मग ती तो तयार करतात. यंदा एकाने सिगारेटचं व्यसन घेतलं. त्याने सिगारेट फक्त काकाच्या खिशात पाहिली होती. दुसऱ्यालाही सिगारेटच हवी होती, म्हणून मधल्या सुट्टीत दोघांची जुंपली. शेवटी दुसऱ्याने चोरीवर समाधान मानलं. या मुलांना मी बायबल शिकवते. खरं बोला, खरं बोला म्हणून वर्षभर घसा कोरडा करते आणि वर्षअखेरीला त्यांच्या तालमीत बसून हे ऐकते. पूर्वी हसू यायचं. आता किळस येते.

पाळकसाहेबांना मुलं 'गोडीगुलाबी' म्हणतात. शिक्षा सुनावली तरी समोरच्याला वाटावं आपलं कौतुक चाललंय, असा आवाज. तालमीत एखादं पोर रडवेलं झालं की साहेब खुर्ची पुढे ओढतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "सांग बाळा, अजून सांग." तेव्हा मला उठून सगळ्या खिडक्या उघडाव्याशा वाटतात.

यंदा त्यांना खराखुरा अंधार सापडला.

मी वर्गात आईबापांचा मान राखण्याची आज्ञा शिकवत होते. साहेब पाहणीसाठी मागच्या बाकावर बसलेले, त्यामुळे पोरं चिडीचूप. तेवढ्यात चष्मिसने हात वर केला. ही एरवी तोंड न उघडणारी मुलगी. चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली.

"बाई, वडील पिऊन आले आणि दारातच पडले, तर मान कसा राखायचा? उचलायचं की तसंच पडू द्यायचं?"

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "उचलायचं. सकाळी भांडायचं. दोन्ही चालतं." तिने मान हलवली आणि ते चक्क वहीत उतरवून घेतलं.

तास संपला तसे साहेब माझ्यामागे आले. "बाई, ही मुलगी साक्ष देणार. वडिलांना पुढच्या रांगेत बसवू. लोकांवर काय परिणाम होईल, बघा तरी!"

"साहेब, बापाची लाज वेशीवर टांगायला ती शाळेत येत नाही."

"लाज कसली? देवाचा महिमा आहे हा." मग आवाज आणखी मऊ करून म्हणाले, "वसतिगृहासाठी तिने अर्ज केलाय ना? शिफारस मलाच करायची आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक मुख्याध्यापिकांकडे गेले. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेबांच्या कामात मी पडत नाही," आणि समोरच्या फायलीत डोकं घातलं. शेवटी मी चष्मिसलाच बाजूला घेतलं.

"तू सरळ नाही म्हण. पुढचं मी बघते."

"तुम्ही काय बघणार, बाई?" उद्धटपणा नव्हता, ती खरंच विचारत होती. "मला वसतिगृह हवंय. आमची एकच खोली आहे. अभ्यासाला दिवा लावला की बाबा ओरडतात."

तालमीत तिने सगळं सांगितलं. दार, उलटी, शेजाऱ्यांचं फिदीफिदी हसणं. उलटीपाशी साहेबांनी तिला थांबवलं. "इथे जरा थांबत जा, बाळा. लोकांच्या मनात उतरू दे." मी उठून बाहेर गेले.

कार्यक्रमाला वडील आले. घरं रंगवायचं काम करतात. नखांत पांढरा रंग, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या. साहेबांनी त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं, अगदी पाहुण्यासारखं. सिगारेट झाली, चोरी झाली, टाळ्या झाल्या. मग चष्मिस माइकपाशी आली.

"मी एक पाप केलंय," ती म्हणाली. "माझे वडील दारू पितात असं मी शाळेत सांगितलं. ते खोटं होतं. सगळ्यांनी माझी कीव करावी म्हणून बोलले. ते पीत नाहीत. मला माफ करा."

एवढंच. वळण नाही, उजेड नाही. ती खाली उतरली.

साहेबांचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. पण हा माणूस हरतो थोडाच! माइक घेऊन म्हणाले, "पाहिलंत? देवाने खोटेपणा उघड केला! या लेकरासाठी आपण प्रार्थना करू या." आणि अख्ख्या सभागृहाने डोळे मिटून एका लबाड मुलीसाठी प्रार्थना केली. वसतिगृह गेलं, हे मला तिथेच कळलं.

मी बापाकडे पाहत होते. ऊठ, मी मनात म्हणत होते, ऊठ आणि एवढंच सांग की पोरगी खरं बोलली होती. त्याने मान खाली घातली आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं. साहेबांची किळस माझ्या अंगवळणी पडली होती. ही नवी होती, आणि जास्त होती.

बाहेर नळापाशी मी त्याला गाठलं. "लेक तुमच्यापायी लबाड ठरली. तिची जागा गेली. आणि तुम्ही आमेन म्हणता? जनाची नाही, मनाची तरी..."

"बाई, आत्ता नका बोलू," चष्मिस मध्ये पडली. तिने बापाचा हात घट्ट धरला होता, तरी तो थरथरत होता. "कालपासून घेतली नाही त्यांनी. शाळेत यायचं होतं म्हणून."

बाप माझ्याकडे न बघता म्हणाला, "उठणार होतो, बाई. खरंच उठणार होतो. पाय साथ देईनात."

माझा विश्वास बसला नाही, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. कारण चष्मिस घाईघाईने म्हणाली, "हो बाबा. तुम्ही उठत होता. मी वरून पाहिलं ना."

माइकसमोर उभी होती तेवढा वेळ तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.