एकवीस दिवस

"बुडापासून काप," उकंडराव म्हणाले. "खुंट ठेवू नको."

निवृत्तीने सुरूच्या बुंध्याला करवत टेकवली. मुबीना आडवी आली.

"शेठ, कंबरेइतकं तरी ठेवा. नवे धुमारे फुटतात, त्याचंच कलम लागते. जुनाट फांदीले मुळं येत नाही."

"इथं गोदाम होऊन राह्यलं, बाई. मिरगाले बीटी कपाशीच्या बियाण्याच्या थैल्या काय तुह्या खुंटावर रचू?"

निवृत्ती फिसकन हसला.

चिखली रस्त्यावरच्या उकंडरावांच्या या रोपवाटिकेत मुबीना एकोणीस वर्षं रोजाने होती. ही सुरूची जात जावा बेटावरच्या उंच डोंगरातली, असं जुने माळी रंगराव सांगायचे. पेन्सिलीएवढी काडी त्यांनीच कुठूनशी आणून लावली होती. झाड नर, बी धरत नाही. आसपासच्या शेतांच्या धुऱ्यांवर, बांधांवर वारा अडवणारा प्रत्येक सुरू याच झाडाची काडी होता, मुबीनाच्या हातची.

"कपाशीचं बी लोकं दरसाल नवं घेतात, अन् याले तं बीच नाही, विकू काय?" उकंडराव म्हणाले. "बरं, पंचवीस रोपं जगवून दाखव. मागच्या तुकड्यात रोपवाटिका चालू ठेवतो. नाही तं जाय कापूस वेचायले."

झाड पडल्यावर तिने त्यातल्या त्यात कोवळे शेंडे निवडले. चाळीस काड्या अंगणात ओल्या वाळूत खोचल्या, वर प्लास्टिक ताणलं आणि दुसऱ्या दिवसापासून शेषरावांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली.

काडीला एकवीस दिवस हात लावायचा नाही. उपटून पाहिलं, तर फुटू लागलेलं मूळ तुटतं. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला तिने हे दरडावून शिकवलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी तिने प्लास्टिक उचललं. काड्या हिरव्यागार होत्या. पण तोडलेली फांदीही आठ-दहा दिवस हिरवी राहते, हे तिला ठाऊक होतं. तिने कडेची एक काडी चिमटीत धरून ओढली. वाळूने तिला जराही धरलं नाही. खालचा तिरपा काप पहिल्या दिवशी होता तसाच होता.

तिने काडी त्याच भोकात परत खोचली, वाळू दाबली. पुढच्या काडीकडे गेलेला हात मागे घेतला.

"चाल वं मुबीना, ऊन चढून राह्यलं!" शेषरावांची बायको तानुबाई दारातून ओरडली. "फुटल्या का तुह्या काड्या?"

मुबीनाने प्लास्टिकच्या चारही कडांवर दगड ठेवले. वेचणीचं फडकं कमरेला बांधलं.

"अजून हात नाही लावला, काकू," ती म्हणाली. "एकवीस दिवस लावत नसतात."