कानस मारायची बाजू

उपग्रहांच्या इंधनाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात बाई बावीस वर्षं ड्रॉइंग काढत होत्या. मग वरून हुकूम आला: कागद बंद. प्रत्येक भागाचं मॉडेल आधी संगणकावर तयार होईल आणि कारागीर पडद्यावर बघून काम करतील. हा बदल घडवून आणायची जबाबदारी बाईंच्या गळ्यात पडली, कारण कागद आणि संगणक दोन्हीकडचं कळणारं दुसरं कोणी नव्हतं.

वर्षभरात ड्रॉइंग हॉलमधली नऊ टेबलं उचलली गेली. त्या नऊ जणांची बदली भांडारात झाली. यादीवर सही बाईंची. भांडलं कोणीच नाही. फक्त डबा खाताना बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. घरीही बोलायला माणूस नव्हतं. लेक लग्न होऊन दूर गेलेली, तिचा फोन रविवारी यायचा. सगळं छान चाललंय, असं बाई तिला सांगत.

नव्या पद्धतीनं पहिली टाकी जोडायला घेतली आणि आधाराची पट्टी बसेना. मॉडेलमध्ये ती चपखल बसत होती, प्रत्यक्षात दीड मिलिमीटर लांब ठरत होती. इंजिनियरांनी मॉडेल तीनतीनदा तपासलं, चूक सापडली नाही. चौथ्या दिवशी बाई स्वतः खाली, टाक्या जोडतात तिथे गेल्या.

जोडणी मामांकडे होती. सगळा कारखाना त्या फिटरला मामाच म्हणे. निवृत्तीला चार महिने उरलेले. ते हाताची घडी घालून स्टुलावर बसले होते.

"मामा, आजवर ही पट्टी बसायची कशी?"

"कानस मारून."

वेल्डिंगच्या आचेनं टाकीचा कान, म्हणजे पट्टी जिथे बसते तो पुढे आलेला तुकडा, आत ओढला जातो, त्यांनी समजावलं. म्हणून पट्टी थोडी घासून घ्यायची, तीही डावीकडूनच. उजवीकडून घासली तर भोकं सरकतात. हे कुठल्याच ड्रॉइंगवर कधी लिहिलेलं नव्हतं.

"मग या वेळी?"

"या वेळी पडद्यावर आहे तसंच करायचा हुकूम होता. सही तुमचीच आहे, बाई."

बाईंना ते झोंबलं. वर चाळीस बैठका झाल्या होत्या, खाली एकही नाही.

"मी आधीच यायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

मामांनी पायानं दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

पुढचे तीन आठवडे बाई रोज दुपारी तिथे बसल्या आणि मामांच्या हातांना जे ठाऊक होतं ते एकेक करून मॉडेलमध्ये भरत गेल्या. एकदा मामांनी मध्येच विचारलं, "सगळं सांगून टाकल्यावर माझं काय उरणार?" दुसऱ्या दिवशी मामा तरीही नवीन काहीतरी सांगायला तयार होते.

टाकी दाबाच्या चाचणीत पहिल्याच फटक्यात पास झाली. वरच्यांनी बाईंचं कौतुक केलं आणि मामांनंतर ती जागा भरायची नाही, असंही ठरवून टाकलं.

निरोपाच्या दिवशी मामांनी बाईंना आपल्या शेजारी बसवलं. भांडारातल्या नऊ जणांनी सरकून जागा केली, पण गप्पा थांबल्या. थोड्या वेळानं काम आहे म्हणून बाई उठल्या. मामा जिन्यापर्यंत आले.

"अडलं तर फोन करा."

पुढच्या टाकीचं काम सुरू झालं. कुठेच अडलं नाही. दीड महिन्यानं एका दुपारी बाईंनी तरीही फोन लावला.

"काय अडलं?" मामांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

मग वेल्डिंगला हल्ली कोण असतं, असं मामा विचारू लागले आणि बाई सांगू लागल्या.